ठकीचं दर रविवारचं वजन

बसा, चहा घ्या, आणि आधी कबूल करा की हे ऐकून कॉलनीत कुणाला सांगणार नाही. म्हणजे अर्ध्या कॉलनीला माहीतच आहे. पण उरलेल्या अर्ध्या कॉलनीत मला अजून थोडा मान आहे, तो राहू द्या. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण आमच्या मांजरीच्या तब्येतीपायी जो केला ना, त्याला तोड नाही!

मी आहेर. मूळ देवळ्याचा, आता नाशकात इंदिरानगरला. बाजार समितीच्या भुईकाट्यावर एकतीस वर्षं नोकरी केली. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला तो मोठा वजनकाटा, ज्यावर अख्खा ट्रक चढतो. कांद्याने भरलेली गाडी तोलायची, माल उतरला की रिकामी गाडी तोलायची, वजाबाकी करायची, पावती फाडायची. सोपं काम. नियम एकच, रिकामी गाडी दर खेपेला नव्याने तोलायची.

ड्रायव्हर लोकांना कायम घाई. "साहेब, रिकाम्या गाडीचं मागच्या खेपेचंच वजन धरा ना! गाडी तीच हाय!"

मी खिडकीतून ओरडायचो, "गाडी तीच रे, पण टाकीतलं डिझेल तेच आहे का? क्लीनर तोच आहे का? चल, घे काट्यावर!"

भल्याभल्यांना मी असं परत फिरवलंय. एकतीस वर्षांत एकदाही मागच्या खेपेचं वजन धरलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी काय केलं ते ऐकून तुम्हाला खरं वाटणार नाही.

तर आमची ठकी. माझी मुलगी ऋतुजा दहावीत असताना दप्तरात घालून तिला घरी घेऊन आली. मी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, "हे ध्यान दोन दिवसांत घराबाहेर गेलं पाहिजे." त्याला चौदा वर्षं झाली. ऋतुजा लग्न होऊन बंगळूरला गेली, ठकी राहिली. जाताना पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, ठकीला सांभाळा." हुंडाबिंडा सोडा, आमच्या घरात जावयाला काही द्यायचं नव्हतं, उलट मलाच मांजर मिळालं.

आणि खरं सांगू का? आता ती माझ्याच पायाशी झोपते. मी पेपर वाचायला घेतला की पेपरवरच येऊन बसते. मी तिला शिव्या देतो आणि दुसरं पान काढून वाचतो.

मार्चमध्ये तिला कॉलेज रोडला डॉक्टर शेख मॅडमकडे नेलं. तपासलं, रक्त काढलं, दात बघितले. मॅडम म्हणाल्या, "काका, वयाच्या मानाने छान आहे. किडनी किंचित थकलीये, पण घाबरण्यासारखं काही नाही. फक्त वजनावर लक्ष ठेवा. म्हाताऱ्या मांजरांचं दुखणं बाहेर दिसत नाही, ती लपवतात. केसांमुळे बारीक झालेली पण कळत नाहीत. दर रविवारी वजन करा, लिहून ठेवा, आणि उतरायला लागलं की लगेच घेऊन या."

वजन करा! मला! अहो, हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं झालं. मी म्हटलं, "मॅडम, ते माझ्यावर सोडा."

त्या दिवशी मॅडमच्या काट्यावर ठकी भरली चार किलो दोनशे ग्रॅम. घरी आल्या आल्या आमच्या माणसं तोलायच्या घरगुती काट्यावर ताळा करून बघितला. ठकी एकटी काट्यावर उभी राहीना. तिला तो गार लागतो. मग मी तिला कडेवर घेऊन चढलो. ब्याऐंशी पूर्णांक दोन. मग तिला ठेवून एकटा चढलो. बरोबर अठ्ठ्याहत्तर. वजा केले, चार पूर्णांक दोन. तंतोतंत! मी हिला ओरडून सांगितलं, "सुमन, काटा पास!"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं. आणि त्यानंतर दर रविवारी मी ठकीला घेऊन चढायचो, त्यातून अठ्ठ्याहत्तर वजा करायचो आणि आकडा लिहायचो.

हसू नका! अजून तुमच्या लक्षात आलेलं नाही असं समजून मी पुढे सांगतो.

दुसऱ्या रविवारी आकडा आला चार किलो. दोनशे ग्रॅम गायब. मी चष्मा पुसून पुन्हा चढलो. तेच. मॅडमना फोन करायला हवा होता, पण म्हटलं, आधी जरा खाऊपिऊ घालू, वजन भरू, मग फोन करू. नाहीतर त्या म्हणतील, काकांना एक मांजर सांभाळता येत नाही.

मग मी सुरू केलं. सकाळी उकडलेलं चिकन. दुपारी मासळी, तीही काटे काढून. संध्याकाळी चिकनचं पाणी. किडनीसाठी डॉक्टरांनी वेगळं खाणं दिलं होतं ते होतंच, त्यावर हा वरखर्च. ही म्हणायची, "अहो, मला बाळंतपणात एवढं नाही मिळालं!"

तिसऱ्या रविवारी साडेतीन. सातव्या रविवारी दोन किलो चारशे!

तुम्हीच सांगा, माणसाच्या काळजाचं काय होईल? चौदा वर्षांचं जनावर आपल्या डोळ्यांदेखत आटत चाललंय. माझी भूक गेली. ताटावरून उठायचो. दिवसभर घशाला कोरड, तांब्यावर तांब्या पाणी प्यायचो. दुपारी चार पावलं चाललो तरी पाय गळायचे. काळजीच ती, दुसरं काय?

ही कणिक मळता मळता म्हणाली, "मला तर ती जाड दिसते."

"ते नुसते केस आहेत! डॉक्टरांनी सांगितलंय, केसांमुळे कळत नाही."

"आणि पोट?"

"पोट सुटणं हे अशक्तपणाचं लक्षण असतं."

एकदा ठकी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांत अडकली. रोज त्याच गजांतून ती बाहेर जायची. पुढचं अर्धं मांजर अंगणात, मागचं अर्धं ओट्यावर, आणि मध्ये आरडाओरडा. आम्ही दोघांनी तेल लावून ओढून काढली. शहाणा माणूस काय समजेल? मांजर जाड झालंय. मी काय समजलो? बिचारीत आता गजांतून निघण्याचीही ताकद राहिली नाही! मी तिला छातीशी धरून बसलो. ती माझ्या शर्टाचं बटण चावत होती.

मग ऋतुजाला फोन लावला. "बेटा, घाबरू नकोस, पण ठकीचं काही खरं नाही. एक किलो चारशे उरलीये."

"काय? बाबा, एक किलो चारशे म्हणजे पिल्लू असतं! व्हिडिओ लावा."

लावला. पडद्यावर ठकी आडवी पडलेली, चारही पाय चार दिशांना, मध्ये पोट. ऋतुजा म्हणाली, "बाबा, ही तर गुबगुबीत दिसतेय."

मी आवाज खाली आणला. "सूज आलीये बेटा."

झालं! पोरगी हमसून हमसून रडायला लागली. मागून जावई विचारतायत काय झालं. तिने दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा टाकली आणि शनिवारच्या विमानाचं तिकीट काढलं. शेवटची भेट म्हणून! आणि मी? मॅडमकडे अजून गेलो नव्हतो. का? सांगतो, लपवत नाही. भीती वाटत होती. मॅडम तोंडाने बोलून दाखवतील आणि मग ते खरं होईल, असं वाटायचं. कॅलेंडरवरचा आकडा निदान माझ्या घरात होता.

शुक्रवारी सकाळी धर्मा आला. धर्मा म्हणजे सटाण्याचा ट्रकवाला, वीस वर्षं माझ्या काट्यावर आलेला. माझ्या शिव्या सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ल्या असतील, तरी दर वर्षी कांद्याची गोणी घरपोच देऊन जातो. गोणी उतरवली, पाणी प्याला आणि दिवाणावरच्या ठकीवर नजर गेली तसा दचकून आपल्या अहिराणीत म्हणाला,

"साहेब, हाई मांजर शे का वासरू?"

मला भरूनच आलं. म्हटलं, "धर्मा, थट्टा करू नको. दोन दिवसांची सोबती आहे ती." आणि त्याला कॅलेंडर दाखवलं. अकरा रविवारांची पावती! चार दोन, चार, साडेतीन, खाली खाली येत एक चार.

धर्माने कॅलेंडर वाचलं. मग ठकीला दोन्ही हातांनी उचललं, जरा खालीवर केलं. वीस वर्षं गोण्या उचललेला माणूस तो! परत खाली ठेवलं. "साहेब, हाई पाच किलोन्या वर शे. तुम्ही तोलतात कसं?"

मी सांगितलं. तिला घेऊन चढायचं, अठ्ठ्याहत्तर वजा करायचे.

"अठ्ठ्याहत्तर कशाना?"

"माझे."

धर्मा माझ्याकडे बघत राहिला. वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी पॅंट पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आवळलेली होती, ती बघितली. मग अगदी नम्रपणे, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "साहेब, रिकामी गाडी कधी तोलेल शे?"

स्वयंपाकघरात हिचं लाटणं थांबलं.

मी एकटाच काट्यावर चढलो. आयुष्यात एवढा जड पाय कधी पडला नव्हता. त्र्याहत्तर पूर्णांक सहा.

मागच्या रविवारी ठकीला घेऊन एकोणऐंशी पूर्णांक चार भरलो होतो. वजाबाकी हिने दारातूनच केली, "म्हणजे ठकी पाच किलो आठशे." आणि धर्मा! तो सभ्य माणूस तोंडावर टोपी धरून अंगणात गेला आणि तिथे कांद्याच्या गोणीवर बसून जो हसला, जो हसला, की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. म्हटलं ना, अर्ध्या कॉलनीला माहीत आहे.

तासाभरात आम्ही कॉलेज रोडला. मॅडमच्या काट्यावर पाच किलो आठशे. रक्त तपासलं, किडनी जिथल्या तिथे. मॅडम म्हणाल्या, "काका, या वयात एवढी चरबी? पाय दुखतील तिचे, साखर होईल! चिकन बंद, मासळी बंद, हळूहळू वजन उतरवायचं." ठकीने माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. पण मला इतकं हलकं वाटलं! मी भर दवाखान्यात तिच्या डोक्याचा मुका घेतला. एका कुत्र्याने बघितलं, बघू दे.

ऋतुजाला तिथूनच फोन केला. ती आधी परत रडली, मग हसली आणि मग मला जे बोलली ते सांगत नाही.

निघणार एवढ्यात मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, एक विचारू? ठकीचं कळलं. पण तुमचे चार किलो चारशे कुठे गेले?"

मी म्हटलं, "काळजीने."

"तहान फार लागते का?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "पिंपाला तोंड लावून पितात!"

"थकवा? चिडचिड?"

"चिडचिड तर लग्नापासूनच आहे," ही म्हणाली, "पण थकवा नवा आहे."

मॅडमनी समोरचाच कागद ओढला, त्यावर चार ओळी खरडल्या आणि म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही. पण हे एखाद्या मांजराचं असतं तर मी आजच साखर तपासली असती. शरणपूर रोडला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ही चिठ्ठी द्या, लगेच जा."

साखर निघाली, तेही सांगून टाकतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, गोळी आणि पथ्यावर भागेल. म्हणजे आता घरात दोघांचं पथ्य आहे. पण ते आत गेल्यावर कळलं. आत जायच्या आधी काय झालं ते ऐका.

दवाखान्यात ही गर्दी! ठकीला वाटेत घरी सोडलं होतं. मला तहान लागली म्हणून मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीशी गेलो आणि चिठ्ठी हिने काउंटरवर दिली. आता, मॅडमनी घाईत लिहिलं होतं ते ठकीच्याच केसपेपरवर. काउंटरवरच्या बाईंनी वरची ओळ बघितली आणि वहीत उतरवून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं?

अर्ध्या तासाने त्या आतून बाहेर आल्या आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "ठकी आहेर! वय चौदा! मादी!"

सगळा हॉल माना वळवून बघायला लागला. एक आजीबाई कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या लहान मुलीला साखर!"

"ठकी आहेर आहे का? नाहीतर पुढचा नंबर घेते!"

मी हिच्याकडे बघितलं. ही भिंतीवरचा हृदयाचा तक्ता असा वाचत होती की जणू उद्या परीक्षा आहे आणि मला तर ती ओळखतही नाही. आता काय करायचं? माझ्यामागे एकवीस माणसं बसलेली. नंबर गेला असता तर संध्याकाळ झाली असती.

मी उठलो. "मीच ठकी," म्हटलं, आणि मिशीवरून हात फिरवत आत गेलो.