सगळं पाठ असलेली मुलगी

पाच वर्षांची होईपर्यंत मला पाणी मागता येत नव्हतं. स्तोत्रं मात्र घडाघडा म्हणता यायची.

रामघाटाजवळच्या गल्लीत, हिंदी बोलणाऱ्या शेजारात, आमचं मराठी घर. बाहेरच्या खोलीत बाबा विद्यार्थ्यांना संथा द्यायचे. ते एक ओळ म्हणत, मुलं ती दोनदा म्हणत, की पुढची ओळ. आई सकाळी माझं ताट झाकून बँकेत जायची आणि संध्याकाळी आली की मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. आतल्या खोलीत मी एकटी. शिकवून शिकवून बाबांना बोलायचाच कंटाळा आलेला असायचा. जेवताना आमटीसुद्धा ते हातानंच मागत. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. पोरीशी बोलायचं असतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही, एवढंच.

मग भिंतीपलीकडून जे कानावर पडायचं ते मी उचललं. अर्थ कशाचाच कळत नव्हता. पाहुणे आले की बाबा मला पुढे उभं करायचे. पाहुणे माना डोलवायचे, हातावर पेढा ठेवायचे, आणि तो घेऊन मी पुन्हा आत. पोपट पाळणारे निदान त्याच्याशी चार शब्द बोलतात.

शाळेत घालायची वेळ आली. दूधविनायकाजवळच्या शाळेतल्या बाईंनी मला जवळ घेऊन विचारलं, "बिटिया, प्यास लगी है?" मी स्तोत्र सुरू केलं. बाबांची छाती फुगली. बाईंनी मला थांबवलं आणि त्या बाबांकडे वळल्या.

"घर में इससे बात कौन करता है?"

"बहनजी, हमारे यहाँ तो दिनभर पाठ चलता है."

"पाठ नहीं, पंडितजी. बात."

घरी येताना बाबा बरोबर आलेल्या आईला चिडून म्हणाले, "त्यांना काय समजतं? पोरगी शर्मीली आहे. बोलेल आपोआप." आई 'हूं' म्हणाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभरच्या पोरांचे उच्चार घासूनपुसून देणारा माणूस आपल्या लेकीशी एक वाक्य बोलत नव्हता. मला त्याचा आजही राग येतो.

त्यानंतर एका दुपारी माझं बोट दारात चेंगरलं. कळ थेट डोक्यात गेली. 'दुखतंय' हा शब्द माझ्याकडे नव्हता, आणि बाबांना हाक मारायची सवय नव्हती. येत होतं तेच मी मोठ्यानं म्हणायला लागले, स्तोत्र, अगदी पहिल्यापासून. हुंदक्यांनी शब्द तुटत होते. बाहेरची संथा थांबली. मला वाटलं, आता बाबा येतील.

"उच्चार नीट कर," पलीकडून आवाज आला, आणि संथा पुन्हा सुरू झाली.

मी शेवटपर्यंत म्हटलं. मग भिंतीला टेकून बसून राहिले.

संध्याकाळी आईला माझं काळंनिळं बोट दिसलं. तिनं मोबाइल खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि तिचा आवाज एकदम चढला. "अगं, सांगायचं नाही का?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपल्याला काहीतरी विचारलंय, एवढं मला कळलं. उत्तर कसं देतात ते ठाऊक नव्हतं.