कोण पुष्ट झालं?

"कोन पुष्ट झालं, ते दाखवा," असं म्हणून आमच्या बाई टेबलावर बोट आपटायच्या. वर्गात त्यांचं मराठी छापल्यासारखं असे. राग आला की मात्र खाडीकाठच्या गावची बोली वर यायची, आणि राग त्यांना रोज यायचा.

नव्वदच्या दशकात बाई आणि मी, आम्ही दोघी नेरूळच्या एका शाळेत शिकवत होतो. मागे दगडखाणी, त्यामुळे निम्मी मुलं खाणकामगारांची. त्यांना घरी न्यायला पिठाचे पुडे मिळत. पुड्यावर ठळक अक्षरांत 'पौष्टिक आहार'. आत कडू, किडे पडलेलं पीठ. मुख्याध्यापकांकडे गेलं की ते म्हणत, वरून आलंय, चाळून घ्यायला सांगा.

'पौष्टिक' या शब्दावरच बाईंचा दात होता. मूळ धातू 'पुष्', म्हणजे पोसणं. आई लेकराला पोसते ते 'पोसणं'ही त्याच घरातलं, असं त्या सांगत. खाऊन अंगी लागतं ते पौष्टिक, छापून कुणी पौष्टिक होत नाही. एकदा मी चहाबरोबरच्या बिस्किटांना सहज पौष्टिक म्हणाले, तर सबंध मधली सुट्टी मला व्याकरण ऐकावं लागलं. बोलता बोलता बिस्किटं त्यांनीच संपवली.

तपासणीला एक साहेब आले. पौष्टिक आहारावर लांबलचक बोलले. बाई उठल्या आणि पुढच्या रांगेतल्या मुलाला जवळ घेऊन त्याचा सदरा वर केला. तुम्हांला ठाऊकच आहे, पोराचं अंग भरलं की कमरेचा करदोडा रुततो आणि आई गाठ सैल करते. याच्या करदोड्याला गाठीवर गाठ मारली होती, तरी तो घसरत होता. बाईंनी त्यात सरळ पंजा घातला.

"साहेब, कोन पुष्ट झालं, ते दाखवा."

बाईंनी मुलाचा सदरा खाली ओढून नीट खोचला.

पंधरवड्यात त्यांची उरणपलीकडे बदली झाली. याचा मला आजही संताप येतो. पीठ पुरवणारा कंत्राटदार जागच्या जागी, पुडे जागच्या जागी, हलवलं ते फक्त बाईंना.

पुढच्याच आठवड्यात खाणीवरची एक आई पदराखाली पुडा धरून आली. शेळीला घातलं तर तिनंही तोंड लावलं नाही, म्हणाली, बाईंना दाखवायचंय. बाई आता इथे नाहीत, हे मी सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

"मंग आता कुनाला दाखवू?"

मी तिला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि पुडा त्यांच्या टेबलावर ओतला. किडे त्यांच्या हाताकडे चालू लागले, तेव्हा कुठे ते खुर्चीतून उठले.