भरदुपारची हळद

आमची आई पडायची ती फक्त भरदुपारी. सकाळी हळदीच्या ढिगांमधून डोक्यावर टोपलं घेऊन तुरुतुरु चालणारी बाई, ऊन डोक्यावर आलं की त्याच ढिगांना अडखळायची. उन्हाचा तडाखा, दुसरं काय असणार? आम्ही तिच्या तळपायांना कांदा चोळायचो आणि वर चिडवायचो. काही बघताना ती कोंबडीसारखी मान हलवायची, चहा ओतताना किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवायची. आम्ही नक्कल केली की तीही हसायची.

दोन हजार सालाच्या आसपास, हळद शिजवायच्या दिवसांत मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. भरदुपारी जमिनीत खणलेल्या चुलाणावर कढई रटरटत होती. आई टोपलं घेऊन सरळ चालत गेली, मध्ये खड्डा नाहीच अशी. वडिलांनी दंड धरून मागं ओढलं म्हणून वाचली.

माझ्या चष्म्याचा नंबर बदलायला वसमतला जायचं होतं. तिलाही नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. तिनं समोरचे आकडे धडाधड वाचले. मग त्यांनी उजवा झाकला.

"डॉक्टरसाहेब, लाईट काहून घालवली?" तिनं विचारलं.

लाईट चालूच होती.

डावा डोळा लहानपणीच गेला असावा, डॉक्टर म्हणाले. वरून चांगला दिसत होता, आणि दुसरा झाकून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. दोन डोळ्यांना थोडं वेगवेगळं दिसतं, त्याची जुळणी करून मेंदू उंच-खोल ठरवतो. एकच डोळा असला की त्याला सावलीवर भागवावं लागतं. मान हलवली की जवळचं भराभर सरकतं आणि लांबचं हळू, त्यावरूनही तो अंदाज बांधतो. मी तिचं दुपारचं पडणं सांगितलं, तसे ते म्हणाले, "पण डोक्यावर टोपलं असलं की मान कशी हलवणार? आणि दुपारी सावली नसते. सगळी एकसारखी पिवळी हळद. त्यांना तिथं ढीग दिसतच नसेल."

कोंबडी म्हणायचो आम्ही तिला. मला तिथं बसवेना.

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"मला वाटायचं, समद्यायला आसंच दिसत आसंल," ती म्हणाली. "तुला दोन डोळ्यानं काय जास्तीचं दिसतंय रं?"

मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढं ती कढई आली.

"काई न्हाई," मी म्हणालो.

गाव आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आई बसच्या दारात थांबली, तिनं मान डावी-उजवी हलवली आणि एक पाय हवेत पुढं चाचपडत धरला. मी घाईनं तिचा हात पकडला.

"सोड की," ती म्हणाली. "मला दिसतंय."