आतोबांचा बसऱ्या

आमच्या आतोबांइतका कुत्र्यांचा विचार करणारा माणूस वेळणेश्वरापासून एडनपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आगबोटीवर तांडेल म्हणून काढली. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी बाजारात जात. आतोबा गावाबाहेर जाऊन तिथल्या मेंढपाळांची कुत्री न्याहाळत बसत. त्यामुळे परदेशातली एकही इमारत त्यांना धड सांगता येत नसे, पण कुठल्या मुलखातल्या कुत्र्याची शेपटी कशी वळते, ते बोटाने हवेत काढून दाखवत.

नोकरी संपवून ते वेळणेश्वरी परतले आणि त्यांनी शेळ्या पाळल्या. गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, बिबट्याचा वावर होता. आम्ही त्याला वाघच म्हणत असू. त्याला शेळी आवडे, पण त्याहून कुत्रं जास्त आवडे, आणि ही गोष्ट गावातल्या कुत्र्यांना पक्की ठाऊक होती. "आपलं कुत्रं पावण्यावर भुकतं आणि वाघाचा वास आला की चुलीमागं दडतं," आतोबा म्हणत. "जातच निराळी हवी!"

पहिली निराळी जात त्यांनी कराचीहून कुणा साहेबाच्या खानसाम्याकडून मागवली. तो पहाडी कुत्रा म्हणजे चार पाय फुटलेली रजईच होती. वैशाख लागला तसा तो गुरांच्या दोणीत जाऊन बसला तो उठेचना. गुरं तहानेली उभी, दोणीत हा, आणि शेजारी आतोबा विंझणा घेऊन. त्याला कोकमाचं सरबत पाजताना पाहिल्यावर आत्याचा तोल सुटला. "चार बाळंतपणं झाली माझी, कधी वारा घातला नाय मला!" शेवटी तो घाटावर थंड हवेत राहणाऱ्या एका मित्राकडे रवाना झाला.

"उन्हातलं कुत्रं उन्हातच जन्माला यायला हवं," असा निष्कर्ष काढून आतोबांनी खजुराच्या गलबतावरून इराकातल्या बसरा बंदराकडचं एक पिवळं, आखूड केसांचं पिल्लू मागवलं. त्याच्यासाठी त्यांनी कडक नियम केला: कुणी हाक मारायची नाही, गोंजारायचं नाही. "माणसांत वाढला तर माणसांचा होतो. शेरडांत वाढला की शेरडांसाठी जीव देतो. अरब असंच करतात." पिल्लू शेळीचं दूध पिऊन वाढलं. पुढे ते करडांशी डोकी भिडवू लागलं आणि कधीमधी पालाही चघळू लागलं. पाहुण्यांकडे तर ते ढुंकून बघत नसे. "दिवसभर बसलेला असतो, म्हणून बसऱ्या," आत्या म्हणे. गावात बोलबाला झाला की तांडेलांनी बारा बंदरं फिरून एक बोकड आणला.

नियम आतोबा स्वतः पाळत का? एकदा मी गोठ्यामागून आलो, तर ते इकडेतिकडे बघून बसऱ्याची मान खाजवत होते. मला पाहून दचकले. "गोचिडी बघत होतो," म्हणाले.

त्या वर्षी वाघाने दोन शेळ्या नेल्या. आत्याने निर्वाणीचं सांगितलं, "आता एक जरी गेली, तर राहिलेली सगळी विकीन. त्यांच्यासंगती हा बोकडही जाईल."

आठवडाभराने दुपारी मी आतोबांबरोबर सड्यावर होतो. करवंदीच्या जाळीतून वाघ निघाला आणि थेट एका गाभण शेळीकडे आला. बसऱ्या त्याच्यावर धावला नाही. आधी त्याने सगळ्या शेळ्या रेटत दगडी गडग्याच्या कोपऱ्यात घातल्या, मग वळून पुढे उभा राहिला. जन्मात न भुंकलेला तो कुत्रा असा काही गुरगुरला की मीच दोन पावलं मागे सरलो. पुढच्या क्षणी दोघांचा एकच गोळा झाला. आतोबा काठी उगारून "नांगर उचला! नांगर उचला!" असं बोटीवरचं ओरडत धावले. त्या आवाजाने म्हणा की बसऱ्याच्या दातांनी म्हणा, वाघ गडगा ओलांडून गेला.

शेळ्या एकूण एक शाबूत होत्या. बसऱ्याचा एक कान लोंबत होता, खांदा फाटला होता. आतोबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते माझ्यादेखत हमसून हमसून रडले. या वेळी गोचिडींचं नाव त्यांनी काढलं नाही.

आत्याने स्वतः हळद भरली, पडवीत गोधडी घातली. आतोबा तिथून हलेनात. पण तिसऱ्या दिवशी बसऱ्या उठला, लंगडत अंगण ओलांडून शेळ्यांत जाऊन पडला. "बघ, शिकवलेलं विसरला नाय," आतोबा अभिमानाने म्हणाले. चेहरा मात्र लहान पोरासारखा उतरला होता. त्या दिवसापासून ते आपला चहा शेळ्यांच्या वाड्यात बसून पिऊ लागले.

काही वर्षांनी आतोबा गेले. आत्याला शेळ्या सांभाळवेनात, म्हणून मंडणगडकडच्या एका गृहस्थाने त्या नेल्या. बसऱ्याला कुणी बोलावलंच नव्हतं. शेवटच्या शेळीमागून तो आपणहून निघाला. आत्याने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. तो थांबला, त्याने वळून पाहिलं, आणि पुढे कळप वळणाआड जातोय हे दिसताच लगबगीने गेला.

पंधरा दिवसांनी तिकडून आलेल्या माणसाने निरोप दिला, की सगळी खाडीपार सुखरूप पोचली, कुत्राही बरा आहे. आत्याने तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. "ऐकलंत का, पोचला हो बसऱ्या!" म्हणत ती उत्साहाने, आतोबा चहा घेत बसायचे त्या शेळ्यांच्या रिकाम्या वाड्याकडे वळली, आणि तशीच उभी राहिली.