पडद्यावरचा उलटा ‘क’

लातूरच्या क्लासेसच्या फीविरुद्ध मी पत्रकं वाटायचे. टाळेबंदी लागली. क्लासवाल्यांनी आठवड्याभरात कॅमेरे आणि दिवे बसवले, आणि मी निलंग्याजवळच्या आमच्या गावी परतले. तिथं आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिला वरून काय मिळालं? एक लिंक आणि एक हुकूम: उद्यापासून ऑनलाइन.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ती नोकरीला लागली तेव्हा शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. फळा नसायचा, ती पत्र्यावरच लिहायची. त्यामुळं ती डगमगली नाही. पिठाच्या डब्याला फोन टेकवला, समोर फळा मांडला, ‘क’ काढला. फोनमध्ये तो उलटा दिसला, आरशात दिसावा तसा. लेकरांनाही असाच दिसत असणार, असं तिनं धरलं. मग रोज स्वयंपाक आटोपला की ती उलटी अक्षरं गिरवायला बसायची, पडद्यावर सुलट दिसेपर्यंत. कुणाला बोलली नाही.

एका लेकराची आई पाटी घेऊन दारात आली. “बाई, आमच्या वेळंला ‘क’चं पोट डाव्या अंगाला होतं. आता सरकारनं बदललं का?”

आईनं पाटी हातात घेतली. मी तिला सांगितलं, “उलटं फक्त तुला दिसतं गं. समोरच्याला सुलटच दिसतं.”

“मग मी काढलेलं...”

“हाव. त्यांना उलटं दिसलं.”

पहिलीत हाताला बसलेलं अक्षर सहजी निघत नाही. तिचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं. एवढी साधी गोष्ट सांगायला वरून एक माणूस पाठवता आला नाही? “पत्रकात छापतेच मी हे,” म्हटलं.

“छाप. आधी पाट्या पुसू.”

नाकाला रुमाल बांधून ती घरोघर निघाली, मी मागं. प्रत्येक दारात तेच: “चूक माझी हाय, लेकराला बोलू नका.” चूक कुणाची ते मी सांगायला गेले की ती डोळे वटारायची. मग लेकराच्या मागं बसून, हात धरून ‘क’ गिरवून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शेजारच्या घरी लेकरांत बसवलं. फोनवरून म्हणाली, “दिसतंय का?”

“सुलट दिसतंय.”

“तुला न्हाई विचारलं. पाट्या दाखव.”

मी एकेक पाटी फोनसमोर धरली. सुलट, सुलट, सुलट. शेवटची उलटी.

आई उठली. पडद्यावर नुसता फळा उरला, आणि बाहेर चपला वाजल्या.