खोट्या ड्राइव्हवरचा ट्रक

बाबांनी जाफराबादच्या एसटी गाड्या आयुष्यभर चालवल्या. मधुमेहानं डाव्या पायाची बोटं गेली, तेव्हा ते माझ्याकडे जालन्याला राहायला आले आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम होता, तो त्यांना लावून दिला. सदऱ्याची सगळी बटणं लावून ते खेळायला बसत आणि रिकाम्या रस्त्यावरही वळताना इंडिकेटर देत.

मग गेमचं नवं अपडेट आलं आणि ड्राइव्हमध्ये जागाच उरली नाही. मी मोठी एसएसडी, म्हणजे नवी ड्राइव्ह, आणली आणि रविवारी दुपारी कॉम्प्युटरचं झाकण काढलं.

आत काळी, तेलकट धूळ. स्क्रूड्रायव्हरच्या चुंबकाला ती केसांसारखी उभी चिकटली. लोखंडाच्या मिलांकडून वारा येतो आमच्याकडे. पंख्याखाली झुरळांची टरफलं होती आणि कुबट वास येत होता.

"हे आपल्या छातीतबी जाऊन राह्यलं आसंल," बाबा म्हणाले.

मी खिडकी उघडायला उठले होते, ती तशीच थांबले.

सगळं पुसून नवी एसएसडी जोडली आणि गेम तिच्यावर हलवायला लावला. काम पूर्ण झालं, असं स्क्रीनवर आलं, जुन्या जागेवरचा गेम आपोआप पुसला गेला. बाबांनी ट्रक काढला. थोडं पुढे गेल्यावर रस्ताच काळा पडला आणि गेम बंद. परत लावला, परत तेच. तपासलं तर निम्म्या फाइलींत नुसता कचरा. संशय येऊन एसएसडी बाहेर काढली, कडेला नख घातलं, तर ती डबीसारखी उघडली. आत मोबाइलमधलं छोटं मेमरी कार्ड, पिवळ्या गोंदानं चिकटवलेलं, आणि वजन यावं म्हणून शेजारी लोखंडाचा तुकडा. तो चिकट गोंद बोटांना लागला. मी तीनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराच्या तोंडात गुटखा होता.

"ताई, पॅक फोडल्यावर रिटर्न न्हाई."

"आत काय निघालं बघा ना!"

"गेमच होता ना? कोण खेळतं घरी?"

"माझे वडील."

तो हसला आणि खालच्या डब्यात थुंकला. "त्यांना सापशिडी घेऊन द्या."

शेजारी एक गुरुजी तसलाच बॉक्स घेऊन उभे होते. मुलीच्या लग्नाचे फोटो ठेवायचेत, असं सांगत होते. मी त्यांना सावध करायला वळले, तोच दुकानदारानं आतल्या खणातून दुसरी एसएसडी काढून माझ्यापुढे सरकवली.

"ही ओरिजिनल. घ्या, अन् जल्दी निघा."

मी घेतली. पिशवीत टाकली आणि निघाले. गुरुजी पैसे काढत होते.

ही एसएसडी खरी होती. गेम पुन्हा डाउनलोड करावा लागला, पण बाबांचा आतापर्यंतचा खेळ जुन्या ड्राइव्हवर वेगळा साठवलेला होता, तो तसाच मिळाला. ट्रक सुरू झाल्यावर बाबा खूश होऊन म्हणाले, "बदलून देल्ली का त्यानं? भला माणूस हाय."

मला त्या माणसाची किळस आली होतीच, आता स्वतःचीही आली. मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं.

"त्या गुरुजीला बोलली न्हाईस?"

"न्हाई."

 बाबा काठी घेऊन आत जाऊन पडले.

मी तशीच परत दुकानात गेले. गुरुजी कुठल्या गावचे, विचारलं. दुकानदारानं खांदे उडवले. बाहेर रिक्षावाल्यांना विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस बाबांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि मीही त्यांना खेळा म्हणाले नाही.