पिंपाचं फुकटचं औषध

मटणाच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली पिंप म्हणायची. पोटच तसं होतं. त्याने व्यायामशाळेत नाव घातलं तेव्हा लोक पोट धरून हसले. पण शरीरसौष्ठव स्पर्धेत उभं राहायचं त्याने मनावर घेतलं होतं. तिथला मास्तर चरबी झडायच्या गोळ्या विकायचा. थायरॉईडच्या आहेत, जनावराच्या गळ्यातल्या गाठीपासून करतात, असं हळूच कानात सांगायचा. पिंपाला हसू आवरेना. ती गाठ तर तो रोज कुत्र्याला टाकत होता!

"गोळ्या घेणारे सगळे बावळट," त्याने बायकोला सांगितलं. "आपल्याकडे मूळ मालच आहे की."

मग ती रोज त्या गाठी खिम्यात घालून परतायची. मीठ बघायला स्वतः तोंडात टाकायची, कढईला चिकटलेलं खरवडून शाळकरी लेकीच्या ताटात वाढायची. अन्न टाकवत नव्हतं तिला.

पोट उतरलं. गल्लीचं तोंड बंद झालं, माणूस मात्र पिसाळला. अंगाला सतत घाम, झोपेचा पत्ता नाही, डोळे कायम वटारलेले. हाडंच जास्त दिलीत, असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तर या बहाद्दराने तराजूतलं वजन उचलून त्याच्या तोंडावर फेकलं. दात फरशीवर सांडले. घरी पाणी कोमट दिलं म्हणून बायकोचं डोकं भिंतीवर आपटलं.

तिची छाती दिवसरात्र धडधडायची. भीतीच ती, दुसरं काय असणार? मार खायची तिची तयारी होती. लेकीच्या अंगाला मात्र कुणाचा हात लागू द्यायचा नाही, एवढी एकच गाठ तिने मनाशी मारली होती.

दुकानात धाकटा दीर मांस धरायचा, नवरा तोडायचा. एका दुपारी ती लेकीला घेऊन खिमा न्यायला आली, तेव्हा दिराने ती गाठ कापून सरळ कुत्र्यापुढे टाकली.

"दादा, हे खायला लागल्यापासून तू माणसात नाहीस. बस्स झालं आता."

पिंपाने सत्तूर उचलला आणि ठोकळ्यावरच्या भावाच्या हातावर घातला. दोन बोटं उडून खाली पडली. कुत्रं धावलं. तिने त्याला लाथेने उडवलं आणि बोटं पदरात गुंडाळली.

दवाखान्यात दिराला आत नेलं. बाहेर हवालदाराच्या शेजारी पिंप थरथरत बसला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी धरली आणि त्या दचकल्याच.

"कसल्या गोळ्या घेता?"

"एकही नाही. आईशप्पथ."

खरंच बोलत होता मेला. शेवटी बायकोनेच खिम्याचं सांगितलं.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, गोळी काय नि खिमा काय, पोटात जायचं ते तेच! काळीज पळत सुटतं, डोकं भडकतं, हात कापतात. आणि बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर आपल्या गळ्यातली गाठ काम सोडून बसते. घरात आणखी कुणी खाल्लं का?"

तिने आपले हात पाहिले. बोटं कापत होती. सकाळी दूध सांडलं म्हणून याच हातात उलथनं घेऊन तिने लेकीच्या पाठीवर वळ उठवले होते. आधीच जीव टांगणीला, त्यात चिडायला होतंच, अशी मग स्वतःची समजूतही घातली होती.

लेक भिंतीला टेकून उभी होती. हडकुळी, घामाने डबडबलेली.

"ये गं बाळा," म्हणत तिने हात पुढे केला.

लेकीने झटकन कोपर वर करून तोंड झाकलं. ती स्वतः नवऱ्यापुढे झाकायची, अगदी तसंच.